घास उतरत नाही तेव्हा

घरातल्या एखाद्याला गिळायला त्रास होऊ लागला, की ते सर्वांत आधी स्वयंपाकघराला कळते आणि सर्वांत शेवटी डॉक्टरांना. सुरुवातीला ताटात भाकरीची कड उरू लागते. मग भाकरी दुधात कुस्करली जाते. काही दिवसांनी भाकरीच्या जागी मऊ भात येतो, भाताची पेज होते, आणि एरवी पंधरा मिनिटांत हात धुऊन उठणारा माणूस तासभर ताटावर बसून राहतो. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट लागतो. लग्नाकार्याला जाणे तो टाळू लागतो, कारण चारचौघांत ठसका लागला तर काय, ही धास्ती. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : "आता वय झालं, दात राहिले नाहीत." घरचेही ते मान्य करतात, माणूस जेवतो आहे ना, मग झाले. या जुळवून घेण्यात चार-सहा महिने सहज निघून जातात. आजार अन्ननलिकेच्या कर्करोगाचा असेल, तर नेमके तेच महिने मोलाचे असतात.

वय वाढले की गिळण्याची क्रिया मंदावते, लाळ कमी सुटते, जिभेची ताकद घटते, हे खरे. तरीही घास अडकणे किंवा जेवताना रोज ठसका लागणे म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. त्यामागे बहुतेक वेळा एखादा आजार असतो, आणि तो कुठला याचा बराचसा पत्ता रुग्णाच्या सांगण्यातूनच लागतो. मात्र त्याला नेमके प्रश्न विचारावे लागतात, आणि उत्तर देताना त्याला घाई करून चालत नाही. ते प्रश्न समजायचे, तर आधी निरोगी माणूस घास कसा गिळतो ते पाहायला हवे.

घसा हा दोन रस्त्यांचा चौक आहे. नाकातून येणारा श्वास पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जायचा असतो आणि तोंडातून येणारा घास मागच्या बाजूच्या अन्ननलिकेत. दोघांना एकमेकांची वाट ओलांडावी लागते. घास चावून, लाळेत कालवून, जिभेने टाळ्याला दाबत मागे ढकलण्यापर्यंतचे सगळे आपल्या मर्जीतले असते. मनात आले तर तो घास थुंकूनही टाकता येतो. जिभेच्या मुळाशी पोहोचला की मात्र आपली मर्जी संपते आणि मेंदूच्या देठाकडे कारभार जातो. मग जेमतेम एका सेकंदात कितीतरी गोष्टी घडतात. पडजिभेसह मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. श्वास थांबतो. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला तर ही हालचाल बोटाला स्पष्ट कळते. स्वरतंतू एकमेकांना चिकटतात, त्यांच्यावर एक कूर्चेची पाती झुकते, आणि एरवी घट्ट मिटलेले अन्ननलिकेचे तोंड क्षणभर उघडते. घास आत गेला की सगळे पूर्ववत होते आणि बहुतेक वेळा आपण श्वास बाहेर सोडतो, म्हणजे चुकून राहिलेला कण आत ओढला जाण्याऐवजी बाहेर फेकला जावा. या एका सेकंदासाठी जवळजवळ तीस जोड्या स्नायू आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या पाच नसा एकत्र काम करतात.

पुढचा प्रवास सावकाश असतो. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. तिच्या भिंतीतले स्नायू वरून खाली आवळत जातात आणि ही लाट आठ-दहा सेकंदांत घास जठराच्या दाराशी आणून सोडते. खाली जायला वजनाची मदत होते, पण तिच्यावाचून अडत नाही. शीर्षासनात घेतलेला घोटसुद्धा पोटाकडेच जातो. जठराच्या दाराशी स्नायूंचे एक कडे असते. लाट जवळ आली की ते सैलावते, घास गेला की पुन्हा मिटते.

हे सगळे मूल आईच्या पोटातच शिकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गर्भ भोवतालचे गर्भजल गिळू लागतो. म्हणूनच सोनोग्राफीत गर्भजल फार वाढलेले दिसले, की बाळाला गिळता येत नसावे ही एक शंका डॉक्टरांच्या मनात येते. काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मध्ये तुटलेली असते. जन्मल्यावर अशा बाळाच्या तोंडाला सतत फेस येतो आणि नाकातून घातलेली बारीक नळी दहा-बारा सेंटिमीटरवर अडते. ते ओळखण्याआधी दूध पाजले गेले तर ते फुप्फुसात जाते. १९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हाईट या शल्यचिकित्सकाने अशा बाळाची अन्ननलिका एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे जोडली; त्याआधी या बाळांचा मृत्यू जवळपास ठरलेला असे.

जिवंत शरीरात घास उतरताना प्रत्यक्ष दिसला तो क्ष-किरणांमुळे. रंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये, आणि १८९६ च्या डिसेंबरात हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन हा वैद्यकीचा विद्यार्थी ते पचनाच्या अभ्यासासाठी वापरू लागला. आधी कुत्र्याने गिळलेले मोत्याचे बटण त्याने पडद्यावर पाहिले. मग लांब मानेची हंसिणी निवडली. तिच्या खाण्यात बिस्मथचा क्षार मिसळला होता. क्ष-किरण त्यातून आरपार जात नसल्याने घासाची काळी सावली मानेतून खाली सरकताना दिसत होती. आज रुग्णाला बेरियमचे पांढरे घट्ट पाणी पाजून जो फोटो काढतात, त्याची सुरुवात ही अशी झाली.

आता प्रश्नांकडे येऊ. पहिला प्रश्न असा : त्रास घास गिळायला सुरुवात करतानाच होतो, की गिळून काही सेकंदांनी? गिळता क्षणी ठसका लागतो, पाणी नाकातून येते, घास तोंडातच फिरत राहतो, असे उत्तर आले तर बिघाड घशात, आणि पुष्कळदा मेंदू, नसा किंवा स्नायूंत. "गिळला जातो, पण छातीत इथे येऊन बसतो," असे कोणी छातीच्या हाडावर हात ठेवून सांगितले तर बिघाड अन्ननलिकेत. इथे एक चकवा आहे. छातीवर ठेवलेला हात सहसा खरे सांगतो. गळ्यावर ठेवलेला हात तितका भरवशाचा नसतो. अन्ननलिकेच्या पार खालच्या टोकाशी असलेला अडथळाही काहींना गळ्याशीच जाणवतो. त्यामुळे गळा पाहून "काही नाही" म्हणणे पुरेसे नसते.

दुसरा प्रश्न : फक्त घट्ट अन्न अडते, की पाणीही? आणि तिसरा : त्रास दर आठवड्याला वाढतो आहे, की अधूनमधून येऊन जातो? आधी चपाती, मग भात, मग पेज, शेवटी पाणी अशी पायरी-पायरीने उतरण चालू असेल आणि सोबत वजन घटत असेल, तर अन्ननलिका आतून अरुंद होत चालली आहे. दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत सहज ताणली जाणारी ही नळी १३ मिलिमीटरपर्यंत आकसली की घट्ट घास हमखास अडू लागतात. म्हणजे पहिला घास अडतो तेव्हाच अडथळा बराच वाढलेला असतो. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या माणसाला हे लक्षण दिसले, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढण्यात शहाणपण नाही. दुर्बिणीची तपासणी पाच-दहा मिनिटांत होते, आणि गाठ दिसली तर त्याच वेळी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवता येतो.

अन्ननलिका अरुंद होण्याची सगळीच कारणे इतकी गंभीर नसतात. वर्षानुवर्षे वर येणाऱ्या आम्लाने खालच्या टोकाशी व्रण होतात आणि ते भरताना तिथले अस्तर आवळते. काही तरुणांना मांसाचा किंवा कोरड्या चपातीचा घास अधूनमधून असा अडकतो, की दवाखाना गाठावा लागतो. त्यांच्या अन्ननलिकेच्या अस्तरात ॲलर्जीच्या पेशी साचलेल्या आढळतात. हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला तो १९९० च्या दशकात. गोळीही इजा करू शकते. डॉक्सिसायक्लिन किंवा हाडांसाठीची अलेंड्रोनेट यांसारखी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाले, तर ती मध्येच चिकटून तिथे व्रण पाडते. ग्लासभर पाणी आणि अर्धा तास बसून राहणे एवढ्याने हे टळते.

रक्तातल्या लोहाचा आणि घशाचा संबंध तर अनेकांना ठाऊकच नसतो. दीर्घकाळ लोहाची कमतरता असलेल्या काही स्त्रियांच्या अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी एक पातळ पडदा तयार होतो आणि घट्ट घास तिथे अडतो. पॅटरसन आणि ब्राऊन केली या दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी १९१९ मध्ये याचे वर्णन केले. पाश्चात्त्य देशांत हा आजार आता क्वचित दिसतो. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. त्यांच्यापैकी फार थोड्याजणींना हा पडदा होतो. पण फिकट चेहऱ्याची, धाप लागणारी बाई "घास अडतो" म्हणाली, तर ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नये. लोहाच्या गोळ्यांनी कित्येकींचे गिळणे सुधारते. पडदा जाड असेल तर दुर्बिणीतून फाडता येतो. घशाच्या त्या भागात पुढे कर्करोग होण्याची शक्यता मात्र वाढलेली असते, म्हणून नियमित तपासणी चुकवायची नसते.

सुपारीचे नुकसान आणखी वर, तोंडातच सुरू होते. सुपारी आणि गुटखा सतत चघळणाऱ्यांच्या गालांचे आतले अस्तर हळूहळू पांढरट आणि ताठ होत जाते. तिखट झोंबू लागते, मग तोंड तीन बोटांइतके उघडेनासे होते, मग दोन, मग एक. हा ताठरपणा टाळू आणि घशापर्यंत पोहोचला की गिळणेही अवघड होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. आज कान-नाक-घसा विभागात ज्यांच्या तोंडात तपासणीचा चमचाही नीट जात नाही असे विशीतले मुलगे दिसतात, तेव्हा ही बंदी किती तोकडी पडली आहे ते समजते. आकसलेले अस्तर पुन्हा मूळचे मऊ होत नाही. इंजेक्शने, तोंडाचे व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांनी थोडे उघडते, पण सुपारी सुटली नाही तर तेही टिकत नाही.

दाहक रसायनांची गोष्ट याहून क्लेशदायक, कारण तिथे बळी बहुतेक लहान मुलांचा जातो. शौचालय धुण्याचे ॲसिड सुटे आणून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचे, ही आपल्याकडच्या किती घरांतली सवय! मूल ती बाटली तोंडाला लावते. जीव वाचला तरी काही आठवड्यांनी अन्ननलिका जागोजागी आवळते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच कपडे-भांडी धुण्याच्या दाहक सोड्याने होत होते. शेव्हॅलिअर जॅक्सन हे तिथले घशाचे सर्जन. मुलांनी गिळलेल्या पिना, नाणी, बटणे ते नळीसारख्या दुर्बिणीतून काढत; त्यांनी जपून ठेवलेल्या २,३७४ वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत. सोडा गिळलेल्या एका लहान मुलीची हकिगत त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. तिला पाण्याचा थेंबही गिळता येत नव्हता. जॅक्सन यांनी दुर्बीण घालून अडकलेला करडा गोळा चिमट्याने काढला. मुलीने भीत-भीत एक घोट घेतला, तो खाली गेला. दुसरा घेतला, तोही गेला. मग तिने समोरचा ग्लास हलकेच बाजूला सारला आणि जॅक्सन यांचा हात हातात घेऊन त्याचे चुंबन घेतले. अशा बाटल्यांवर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे व्हावे यासाठी हा माणूस वर्षानुवर्षे खासदारांच्या मागे लागला, आणि १९२७ मध्ये तो कायदा झाला.

मुलाने ॲसिड प्यायल्याची शंका आली तर उलटी करवू नये. खाली जाताना जे जळले ते वर येताना पुन्हा जळते. मीठपाणी, ताक असे काही पाजत न बसता थेट मोठे रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. खेळण्यातले चपटे बटण-सेल गिळले गेले असतील तर घाई याहून अधिक. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत भिंत जाळू लागतो.

आतापर्यंतच्या आजारांत घट्ट अन्न आधी अडत होते. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्या दिवसापासून सारखेच अडत असतील, तर नळी अरुंद नसून तिची हालचालच बिघडलेली असू शकते. यातला सर्वांत ठळक आजार म्हणजे ॲकलेझिया. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या, स्नायूंना "सैल हो" सांगणाऱ्या चेतापेशी मरतात. मग जठराच्या दाराशी असलेले कडे उघडत नाही आणि वरची लाटही उठत नाही. अन्न वरच्या भागात साचते, नळी फुगते. रात्री आडवे पडल्यावर न पचलेला भात तोंडात येतो, सकाळी उशीवर डाग दिसतात, झोपेत खोकल्याची उबळ येते. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा आजार असल्याने पहिल्या भेटीत तो कोणाच्या डोक्यात येत नाही. कित्येक रुग्ण ॲसिडिटीची औषधे घेत दोन-तीन वर्षे काढतात.

या आजाराची पहिली नोंद इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी १६७४ मध्ये केली. ऑक्सफर्डच्या एका माणसाच्या पोटात काही उतरत नव्हते, तो उपाशी मरणार होता. विलिस यांनी देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीच्या टोकाला छोटा स्पंज बांधून दिला. तो माणूस जेवून झाले की ही पट्टी घशाखाली सरकवत असे आणि साचलेले अन्न ढकलून जठरात पाडत असे. पंधरा वर्षे तो असा जगला. त्यानंतरचे उपचार त्याच बंद दाराशी झुंजत आले आहेत. १९१३ मध्ये लाइपझिगला अर्न्स्ट हेलर यांनी त्या कड्याचे स्नायू शस्त्रक्रियेने कापले. नंतर दुर्बिणीतून फुगा घालून ते कडे ताणणे सुरू झाले. आणि २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनेच अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करून आतून स्नायू कापून दाखवला. छाती-पोटावर एकही छेद नाही. ही शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यातही होते. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, लाट पुन्हा उठत नाही. दार कायमचे सैल केले की अन्न आपल्या वजनाने खाली उतरते, आणि वर्षानुवर्षे बसल्या जागी डोलत, पाण्याच्या जोराने घास ढकलणारा माणूस चारचौघांसारखा जेवू लागतो.

या सगळ्या आजारांपेक्षा जास्त घरांत गिळण्याचा त्रास घेऊन येतो तो पक्षाघात. सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांचे गिळणे बिघडलेले असते. आणि नेमके त्याच वेळी आपल्याकडे काय होते? माणूस कोसळला की शेजारीपाजारी धावत येतात. एकजण मान वर धरतो, दुसरा चमच्याने पाणी पाजतो, तिसरा बीपीची गोळी तोंडात टाकतो. प्रत्येकाच्या मनात मायाच असते. तहानलेल्याला पाणी नाकारणे आपल्या हातून होत नाही, आणि "तोंडात काहीही घालू नका" म्हणणारा डॉक्टर कठोर वाटतो. पण ज्याचे स्वरयंत्र वेळेवर बंद होत नाही, त्याच्यासाठी तो चमचाभर घोट फुप्फुसाच्या वाटेवर असतो. पाणी पातळ आणि चपळ. मेंदूचा आदेश घशापर्यंत पोहोचण्याआधीच ते घसरून जाते. पुढे दोन-तीन दिवसांनी ताप येतो, धाप लागते. पक्षाघातातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जातो.

ठसका लागला तर निदान कळते तरी. यातल्या बऱ्याच रुग्णांच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरते आणि खोकलाही येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, किती छान प्यायले! अशा वेळी कानांनी काम करावे लागते. घोटानंतर रुग्णाला "आ" म्हणायला लावले आणि आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला, तर स्वरतंतूंवर पाणी साचले आहे. प्रशिक्षित परिचारिका रुग्णाला ताठ बसवून आधी चमचाभर पाणी देते, कंठमणी वर जातो का ते बोटाने पाहते, आवाज ऐकते आणि मगच पुढचा घोट देते. ही तपासणी होईपर्यंत पाणी, चहा, गोळी, प्रसाद, काहीही नाही.

एवढीशी गोष्ट किती फरक पाडते, ते ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात दिसले. तिथल्या १९ पक्षाघात कक्षांत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कुठलेही नवे औषध नव्हते. पहिल्या तीन दिवसांत ताप उतरवणे, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे आणि गिळण्याची तपासणी करणे, या तीन गोष्टी काटेकोर पाळण्याची पद्धत परिचारिकांना घालून दिली होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या पद्धतीच्या कक्षांतले ५८ टक्के रुग्ण दगावले होते किंवा परावलंबी झाले होते. नव्या पद्धतीच्या कक्षांत हे प्रमाण ४२ टक्के होते.

मेंदू आणि नसांचे इतर आजारही घशातून बोलतात. पार्किन्सनच्या रुग्णाची लाळ ओठांच्या कडेने ओघळते, ती जास्त सुटते म्हणून नाही. आवंढे कमी गिळले जातात म्हणून. मायस्थेनियाचा रुग्ण जेवणाचे पहिले घास नीट खातो आणि शेवटी थकतो, जबडा हाताने धरावा लागतो. घटसर्पातून उठलेल्या मुलाला काही आठवड्यांनी पाणी नाकातून येऊ लागते. शेतावर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, आवंढा गिळता येत नाही. ही तक्रार ऐकून सर्पदंश ओळखला तर प्रतिविष आणि कृत्रिम श्वास देऊन माणूस वाचतो.

आणि एक तक्रार अशी, की जी ऐकून बहुतेक वेळा दिलासा देता येतो. घशात गोळा असल्यासारखा वाटतो, सारखा आवंढा गिळावासा वाटतो, पण जेवताना तो गोळा नाहीसा होतो आणि घास व्यवस्थित उतरतात. इथे गिळण्यात अडथळा नसतो. ताण, दबलेले रडू, वर येणारे आम्ल अशी कारणे असतात. एकदा तपासून घ्यावे. तेवढ्यानेच कित्येकांचा गोळा विरघळतो.

निदान झाल्यावरही रोजच्या जेवणाचा प्रश्न उरतो, आणि तो घरातच सोडवावा लागतो. घशाचा त्रास असलेल्याला पातळ पदार्थ सोपे, हा समज उलटा आहे. त्याला सर्वांत अवघड असते पाणी, आणि त्याखालोखाल आमटी-भात. पातळ आमटी पुढे पळते आणि शिते मागे राहतात. दोन वेगांचे दोन पदार्थ थकलेल्या घशाला एकाच घासात सांभाळावे लागतात. पोहे, चुरमुरे, शेव तोंडात विखुरतात. साबुदाण्याची खिचडी चिकटते. त्यापेक्षा एकजीव घोटलेले खिमट, नाचणीचे सत्त्व, घट्ट दही, मऊ शिरा बरा. किती घट्ट म्हणजे घट्ट, यासाठी २०१३ पासून एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी तयार केली गेली. तिच्यात पाण्यापासून नेहमीच्या जेवणापर्यंत ० ते ७ अशा पायऱ्या आहेत. मापाला यंत्र लागत नाही. ठरावीक लांबीच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पेय भरायचे, खालच्या टोकावर धरलेले बोट काढायचे आणि दहा सेकंदांनी किती उरले ते पाहायचे. रुग्णाला कुठली पायरी झेपेल हे वाचा-उपचारतज्ज्ञ ठरवतात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, एका घासासाठी दोनदा गिळणे, दुबळ्या बाजूकडे मान वळवणे अशा युक्त्याही तेच शिकवतात. एकाला उपयोगी पडलेली युक्ती दुसऱ्याला घातक ठरू शकते.

तोंडाने पुरेसे जातच नसेल तर नाकातून जठरापर्यंत राइल्स ट्यूब घालतात. महिनाभराहून जास्त काळ गरज पडणार असेल, तर पोटावरून थेट जठरात बारीक नळी बसवणे रुग्णाला अधिक सुसह्य होते. नळी म्हणजे शेवट, असे समजून अनेक कुटुंबे खचतात. पक्षाघातानंतर बऱ्याच जणांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते आणि नळी निघते. नळीतून भरवताना उशाकडची बाजू उंच हवी, भरवून झाल्यावर अर्धा-पाऊण तास रुग्णाला आडवे करायचे नाही. आणि ज्याने तोंडाने काही खाल्लेले नाही, त्याचे दात, जीभ, टाळू दिवसातून दोनदा तरी मऊ ब्रशने नाहीतर ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसायचे. खाणे बंद झाले तरी लाळ सुटतच असते, न धुतलेल्या तोंडात जंतू वाढत राहतात, आणि नळी असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात उतरते ती हीच लाळ.